'काही करत नाही तो!' : मोकळा कुत्रा आणि समोरून येणारा दुसरा

आजचा भाग ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांच्यासाठीसुद्धा. विषय एकच. कुत्र्याला लीश न लावता मोकळं फिरवताना समोरून दुसरा कुत्रा आला, तर काय करायचं?

पुण्यात सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांनी एक वाक्य हमखास ऐकलेलं असतं. एक लॅब्राडोर सुसाट तुमच्या दिशेने येतोय, आणि मागून शंभर फुटांवरून आवाज येतो, "काही करत नाही तो!" बोलणाऱ्याला मनापासून तसंच वाटत असतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण त्या क्षणी तिथे तीन जीव असतात ना! येणारा कुत्रा, तुमचा कुत्रा आणि तुम्ही. ते वाक्य फक्त पहिल्याबद्दल बोलतं. बाकीच्या दोघांना हे चालणार आहे का, हे कोणी विचारलेलंच नसतं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी काही डॉग ट्रेनर नाही. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. घरी टोस्ट आहे, चार वर्षांचा इंडी, रंग अगदी भाजलेल्या ब्रेडसारखा. ऑफिसच्या स्टँडअप कॉलच्या आधी आम्ही दोघं रोज वेताळ टेकडीवर असतो. तिथे रोज किमान सात-आठ कुत्री भेटतात. काही पाळलेली, काही तिथलीच. आज जे सांगणार आहे ते वाचलेलं आहे, ट्रेनर लोकांकडून शिकलेलं आहे आणि रोज सकाळी करून बघितलेलं आहे.

आता मुद्द्याचं. कुत्र्याला मोकळं सोडताना आपण बहुतेक वेळा त्याच्या स्वभावावर विश्वास ठेवतो. गोड आहे, चावत नाही, मुलांमध्ये खेळतो. पण मोकळं सोडण्याची पात्रता स्वभावावर ठरत नाही. बोलावल्यावर तो परत येतो का, यावर ठरते. स्वभाव कितीही गोड असू दे, हाक मारल्यावर येत नसेल तर तो कुत्रा मोकळा फिरत नाहीये, सुटलेला आहे. मोकळा आणि सुटलेला, यातला फरक कळला की आजचा अर्धा एपिसोड कळला.

इंग्रजीत याला रिकॉल म्हणतात. तो कसा शिकवायचा, थोडक्यात सांगतो. एक शब्द ठरवा. टोस्टचा शब्द आहे "इकडे". तो शब्द ऐकून कुत्रा आला की दर वेळी काहीतरी भारी मिळालं पाहिजे. कोरडं बिस्किट नाही हं, उकडलेलं चिकन किंवा पनीरचा तुकडा. सुरुवात घरात, मग रात्री शांत पार्किंगमध्ये, मग मैदानावर. मैदानावर दहा मीटरची लांब दोरी लावा, ज्याला लाँग लाइन म्हणतात. ती गळ्यातल्या कॉलरला लावू नका, हार्नेसला लावा. कुत्रा धावत जाऊन दोरी संपल्यावर जो झटका बसतो तो मानेवर यायला नको.

इथे बरेच जण एका गोष्टीत अडकतात. आपण कुत्र्याला हाक कधी मारतो? घरी जायची वेळ झाली की. म्हणजे हाक ऐकली की मजा संपली, हे गणित त्याला दोन दिवसांत कळतं. मग तो का येईल? म्हणून एका फेरीत दहा वेळा बोलवा, आला की खाऊ द्या, लीश लावा, पाच पावलं चाला आणि परत सोडा. दहातल्या नऊ वेळा हाक म्हणजे खाऊ आणि पुन्हा सुट्टी. दहाव्या वेळी घरी. आणि उशिरा आला म्हणून कधीच ओरडू नका. वीस मिनिटांनी आला तरी तो आलाय, आणि तुम्ही ओरडलात तर येण्याबद्दल ओरडलात असं त्याला वाटतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर घरात येतो हे टेस्ट एन्व्हायर्नमेंट झालं. समोर दुसरा कुत्रा असताना येतो का, ते प्रॉडक्शन. दुसरा कुत्रा लांब उभा असताना, दोरी लावलेली असताना, तो वळून तुमच्याकडे येतोय, असं आठवडाभर दिसलं तर दोरी काढायचा विचार करा. नुकताच दत्तक घेतलेला कुत्रा, माजावर आलेली कुत्री, फटाक्यांचे दिवस, अशा वेळी दोरी काढूच नका. आणि रस्ता, फुटपाथ, सोसायटीचं आवार इथे लीश लावायचीच, त्यावर चर्चा नाही. एखाद्या ठिकाणी लीशची पाटी असेल तर पाटीचं ऐकायचं. टेकडीवर मोर आहेत, आणि मोराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. झाडीच्या पट्ट्यात टोस्ट कायम लीशवर असतो. उघड्या पठारावर, जिथे मला चारी बाजूंना लांबवर दिसतं, तिथेच मी त्याला सोडतो.

लांबवर दिसणं महत्त्वाचं का? कारण दोन कुत्र्यांची भेट ते नाकाला नाक लावतात तेव्हा सुरू होत नाही. त्यांनी एकमेकांना पाहिलं की सुरू होते. आपण त्यांच्या आधी पाहिलं पाहिजे. त्यासाठी मान वर आणि कान मोकळे हवेत. आता मी पॉडकास्टवाला आहे, पण तरी सांगतो, कुत्रा मोकळा असेल तेव्हा इअरफोन काढा. मलासुद्धा पॉज करा. घरी येऊन ऐका. वळण आलं, झुडूप आलं, उतार आला की कुत्र्याला आधी जवळ बोलवा आणि मग वळा.

बरं, समोर कुत्रा दिसला. आता चार प्रकार होतात.

पहिला प्रकार, समोरचा कुत्रा लीशवर आहे. इथे नियम अगदी सोपा आहे. तुमचा बोलवायचा, लीश लावायची, रस्ता सोडून बाजूने जायचं. विचारही करायचा नाही. त्या कुत्र्याला लीश लावलीय म्हणजे काहीतरी कारण आहे. म्हातारा असेल, ऑपरेशन झालं असेल, घाबरट असेल, शिकत असेल. आणि कारण नसलं तरी एक अडचण आहेच. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. नको असलेला पाहुणा आला तर मोकळा कुत्रा चार पावलं मागे सरकू शकतो. बांधलेल्याकडे एकच मार्ग उरतो, दात दाखवायचे. मग आपण म्हणतो, "अरे, तो कुत्रा डेंजर आहे!"

माझ्या एका मैत्रिणीकडे बीगल आहे. लीशवर असताना तिच्यावर मोकळी कुत्री दोनदा धावून आली. चावलं कोणी नाही. दोन्ही वेळा मालकांनी तेच वाक्य म्हटलं. पण त्यानंतर ती बीगल लांबवर कुत्रा दिसला तरी लीश ताणून भुंकायला लागली. आज आठ महिने झाले, मैत्रीण पहाटे पाच वाजता फिरायला निघते, कारण तेव्हा रस्ते रिकामे असतात. कोणीही काहीही केलं नव्हतं, आणि तरी हे झालं. म्हणून सांगतो, चावा झाला नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असं नसतं.

दुसरा प्रकार, दोन्ही कुत्री मोकळी आहेत आणि दोन्ही मालकांना भेट चालणार आहे. हे लांबूनच विचारून घ्या. "चालेल का?" एवढे दोन शब्द. मग कुत्र्यांचं अंग वाचायचं. तुरिड रुगास नावाच्या नॉर्वेच्या एक ट्रेनर आहेत. कुत्री एकमेकांना शांत राहायला सांगतात त्या खुणांवर त्यांनी पुस्तक लिहिलंय, काल्मिंग सिग्नल्स हा शब्द त्यांच्यामुळे रुळला. तोंड बाजूला वळवणं, जमीन हुंगणं, जीभ बाहेर काढून ओठ चाटणं, सरळ न येता अर्धगोल वळण घेऊन येणं. हे सगळं म्हणजे "मी भांडायला आलो नाही." अंग सैल, तोंड थोडं उघडं, येऊन मागून हुंगणं, मग पुढचे पाय पसरून छाती खाली आणि ढुंगण वर, हे खेळायचं आमंत्रण.

आणि नको असलेल्या खुणा? अंग लाकडासारखं ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली, नाकासमोर सरळ चाल. दबा धरून जमिनीला चिकटून येणं. दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवणं. आणि एक गैरसमज काढून टाका, शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे असं नाही. ताठ उभी शेपूट बारीक बारीक थरथरत असेल तर ते टेन्शन आहे.

भेट छोटी ठेवा. हुंगू द्या, मनात एक, दोन, तीन म्हणा आणि हसऱ्या आवाजात बोलवून पुढे चाला. भेट लांबली की भांडण सुरू होऊ शकतं, कारण माणसं गप्पा मारत एका जागी उभी राहतात आणि कुत्री मध्ये अडकतात. चालत राहा. अरुंद पायवाटेवर, फाटकात भेट नको. बॉल आणि खाऊ खिशात. खेळ रंगला तर एक चाचणी घ्या. जो पाठलाग करतोय त्याला धरून बाजूला घ्या. दुसरा परत त्याच्याकडे आला तर खेळ दोघांचा आहे. तो निघून गेला तर तो खेळत नव्हता, सुटका शोधत होता.

तिसरा प्रकार, तुमचा लीशवर आहे आणि कोणाचा तरी मोकळा कुत्रा धावत येतोय. आपला कुत्रा मागे घ्या, स्वतः मध्ये उभे राहा. एक हात पुढे, पंजा उघडा, आणि खणखणीत आवाजात "थांब!" किंचाळायचं नाही. बरेच पाळीव कुत्रे याला थांबतात. नाही थांबला तर मूठभर खाऊ त्याच्या पायांसमोर जमिनीवर फेका, तो खाईपर्यंत तुम्ही वळून निघा. पावसाळ्यात छत्री असेल तर ती पुढे धरून उघडा, मध्ये चांगली भिंत होते. कुत्रा छोटा असेल तर उचलायचा मोह होतो. उचललात तर अंगाशी घट्ट धरा आणि पाठ फिरवा. हवेत उंच धरला तर खालचा कुत्रा उड्या मारायला लागतो.

मालकाशी बोलताना भांडणाच्या सुरात बोललं की पुढची पाच मिनिटं माणसांचं भांडण होतं आणि कुत्री तशीच राहतात. मी ओरडून एवढंच म्हणतो, "काका, तुमच्याला बोलवा ना प्लीज, माझ्याला सवय होतेय अजून!" दोष कोणालाच दिलेला नाही, आणि काम होतं. "काही करत नाही तो" असं उत्तर आलं तर, "हो काका, पण माझा घाबरतो." या वाक्यावर वाद घालणारे अजून तरी मला भेटलेले नाहीत.

चौथा प्रकार, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटणारा. रस्त्यावरची, टेकडीवरची कुत्री. परदेशातले ट्रेनिंगचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना इथे उत्तर सापडत नाही, कारण त्या व्हिडिओंमध्ये ही कुत्रीच नसतात.

आपण त्यांना भटकी म्हणतो, पण ती फारशी भटकत नाहीत. प्रत्येक टोळीचा एक भाग असतो. आपण त्या भागात शिरलो की भुंकणं सुरू होतं, हद्द ओलांडून बाहेर पडलो की बहुतेक वेळा थांबतं. तुमचा कुत्रा म्हणजे त्यांच्या दृष्टीने घरात घुसलेला अनोळखी माणूस. म्हणून हद्दीच्या आधी लीश लावा. लीश सैल ठेवा. पळू नका, नजर रोखू नका, दगड उचलू नका. लांबून वळसा घ्या किंवा आलात त्याच वाटेने परत फिरा. मागे फिरण्यात कमीपणा नाही. रोज एकाच वेळी एकाच वाटेने गेलात तर काही आठवड्यांत टोळीला तुम्ही ओळखीचे होता. चहाच्या टपरीवाल्या मामांशी ओळख करा. कोणता कुत्रा तापट आहे, कोणाची पिल्लं कुठे आहेत, हे त्यांना सगळं माहीत असतं. आपल्याकडे साधारण पावसाळ्याच्या शेवटी जोड्या जमतात आणि हिवाळ्यात पिल्लं दिसतात. पिल्लं असलेली आई एरवी कितीही गरीब असो, त्या काळात तिच्या जवळून जायचंच नाही. आणि तुमचा कुत्रा सोबत असताना टोळीला बिस्किटं वाटू नका. खाण्यावरून भांडण लागतं आणि मध्ये तुमचा हात असतो.

कानाला छोटी खाच दिसली तर समजा, त्या कुत्र्याची नसबंदी झालीय आणि रेबीजची लसही दिली गेलीय. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडतात. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात तेच सांगितलं, पण एक अपवाद ठेवून. रेबीज झालेल्या किंवा आक्रमक वागणाऱ्या कुत्र्यांना असं परत सोडायचं नाही.

हा अपवाद जरा नीट ऐका. समजा, तुमचा मोकळा कुत्रा धावत एका टोळीत घुसला. टोळीने त्याला घेरलं, गोंधळ झाला, एखाद्याला दात लागला. तुमचा कुत्रा व्हेटकडे जाईल, टाके पडतील, रात्री सोफ्यावर झोपेल. तक्रार कोणाविरुद्ध होईल? त्या टोळीविरुद्ध. आणि तक्रारीत "आक्रमक" हा शब्द लिहिला जाईल. सुरुवात आपल्या कुत्र्याने केली, हे सांगायला ती कुत्री येणार नाहीत. आपल्या एका न ऐकलेल्या हाकेची किंमत असा एखादा जीव मोजतो, ज्याची त्यात काहीच चूक नव्हती. मला विचाराल तर लीश लावायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

आता नको ते झालंच तर. दोन कुत्री भिडली तर तोंडाजवळ हात घालायचा नाही. मालकाला चावे लागतात ते बहुतेक इथेच. मोठा आवाज करा, बाटलीतलं पाणी तोंडावर मारा, जॅकेट डोक्यावर टाका. नाहीच सुटली तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून हळूहळू मागे घ्यायचं. पण एकाने दुसऱ्याला दातात पकडून ठेवलं असेल तर ओढू नका, जखम फाटते. आधी पकड सुटू द्या. नंतर केस बाजूला करून सगळं अंग तपासा. वरून बारीक छिद्र दिसतं, आत खोल जखम असते, त्यामुळे व्हेटकडे त्याच दिवशी.

माणसाला दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, छोटासा ओरखडा असला तरी. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. वेळेवर घेतलेली लस वाचवते. समोरच्याला आपला नंबर द्या, कुत्र्याच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो द्या. तो फोटो फोनमध्ये आत्ताच काढून ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून मालकाने काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याच्या भीतीने नंबर देऊ नका हो. समोरचा घाबरलेला असतो, म्हणून द्या.

शेवटी, कुत्रा न पाळणाऱ्या माणसांबद्दल. टेकडीवर एक आजी रोज काठी घेऊन येतात. टोस्ट त्यांच्यापासून वीस फुटांवर असतानाच मी त्याला बोलावून लीश लावतो. एकदा त्या थांबून म्हणाल्या, "तुझा कुत्रा गुणाचाच असेल रे बाळा, पण माझ्या गुडघ्यांना ते कुठे माहीत?" मला वाटतं, या विषयावर याहून नेमकं कोणी बोललेलं नाही. आपल्या कुत्र्याचा स्वभाव आपल्याला माहीत असतो. समोरच्याच्या गुडघ्यांना, लहान मुलाला, म्हाताऱ्या पामेरियनला, टोळीतल्या आईला तो माहीत नसतो. त्यांना फक्त धावत येणारं १९ किलोचं काहीतरी दिसतं.

तर या आठवड्याचा होमवर्क. एक शब्द ठरवा, थोडं चिकन उकडा, आणि घरातल्या घरात रोज वीस वेळा बोलवा. दोरी मागवा. फोनमध्ये लसीच्या कार्डाचा फोटो. बस, एवढंच. पुढच्या भागात कुत्र्याला घेऊन एसटी आणि रेल्वेचा प्रवास कसा करायचा ते बघू. तोपर्यंत काळजी घ्या, कान मोकळे ठेवा. टोस्ट दारात लीश तोंडात धरून उभा आहे, निघतो आम्ही. भेटूया!